टाकी सातवर जाण्याआधी

ये, इराइल्देस. बस त्या पिंपावर –
नको, त्यावर नको.
ते रिकामं आहे, म्हणूनच नको.
रिकाम्या पिंपात वाफ दबा धरून बसते.
इथे बाकावर बस.

ऑफिसात फिल्म दाखवली असेल तुला,
पिवळ्या हेल्मेटातला हसरा माणूस,
आणि शेवटी तीन प्रतींवर सही.
ते त्यांच्या कामाचं होतं.
आता हे ऐक.

बेन्झीनला गोडसर वास येतो.
लहानपणी पेट्रोल पंपावर काच खाली करून
छाती भरून घ्यायचीस ना,
त्याचा हा मोठा भाऊ.
आमच्या वेळी लोक यानं हात धुवायचे.
ग्रीस एका फटक्यात जायचं,
कातडी पांढरीफटक पडायची,
आणि मग त्याच हातांनी पाव मोडायचा.
मीही मोडलाय.
नाकावर विसंबू नकोस.
वास आला म्हणजे उशीर झाला,
आणि वास येईनासा झाला
म्हणजे नाक फितूर झालं.

हे निळे पातळ हातमोजे दाताच्या डॉक्टरचे.
स्टोअरमधला अल्तामिरो हेच देईल, खोकं भरून, हसत हसत.
यांच्यातून ते काही मिनिटांत आरपार जातं,
भोकही पडत नाही, तुला कळतही नाही.
ते चंदेरी माग, कडक, कागदासारखे वाजणारे.
दोन नंबर मोठे मिळतील,
बोटं बदकासारखी होतील, होऊ देत.
तो किंमत ऐकवेल.
ऐकून घे, आणि तिथंच उभी राहा.

जिना चढण्याआधी ती नारिंगी पिशवी बघ.
सकाळी वारा डोंगरावरून उतरतो,
दुपारी खाडीकडून उलटा फिरतो.
झाकण उघडताना तो पाठीवर घे,
आणि मास्क वर जाऊन नाही, खालीच चढव,
पट्टे ओढ, तळव्यानं तोंड बंद करून श्वास खेच.
गालांना चिकटला पाहिजे.
वरून खाडीतले गुआरा दिसतात, लालभडक, शंभर-शंभर.
ते नंतर बघ.
मी पहिल्या वर्षी तेच बघत उभा होतो.

कपडे घरी न्यायचे नाहीत.
लिनाल्वा माझे डांगरी आठ वर्षं न्हाणीत घासायची,
धाकटी तिच्या पाठीशी झोळीत.
कुणी सांगितलं नव्हतं.
धाकटी बरी आहे. शिक्षिका झालीय.
तरी फोन रात्री वाजला की…
जाऊ दे.

रक्त दर सहा महिन्यांनी तपासतात.
कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेव,
आणि एकच आकडा वाचू नकोस,
मागच्याशेजारी ठेवून वाच.
ज्योसेनिल्दोचे आकडे माझ्याकडे आहेत.
आम्ही मिळून मासे धरायला जायचो,
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे लिहिलेत त्याच्याच अक्षरात:
सहा हजार दोनशे.
पाच हजार शंभर.
तीन हजार नऊशे.
डॉक्टर म्हणाले, माणसागणिक वेगळं असतं.
मला तर ओहोटीच वाटली.
येईल परत, म्हटलं, पुढच्या पानावर.
पुढचं पान कोरं आहे.
तू मागितलंस तर दाखवीन,
नाही मागितलंस तरी दाखवीन.

माझे अकरा आठवडे उरलेत.
मग या बाकावर तू बसशील,
आणि नव्या पोराला म्हणशील की
वाल्देसी म्हातारा फार बडबडायचा.
म्हण.

चल, बाटल्या घे. नमुना दहाला द्यायचाय.
हातमोजे चढवण्याआधी हात दाखव.
दोन्ही. उलटे कर.
हे काय?
खेकडा साफ करताना? काल रात्री?
एवढासा चिरा, हो, दिसतोय मला एवढासा.

बाटल्या इकडे दे.
आज तू खाली थांबून पिशवी बघ,
वारा फिरला की हाक मार.
वर मी जातो.